दोन्ही हात आणि अर्धा तास

'गेम' हा शब्द आपल्या घरात बहुधा रागावतानाच उच्चारला जातो. 'ठेव तो गेम', 'गेम बंद कर आणि जेवायला ये', 'परीक्षा तोंडावर आली आणि याचं गेम चाललंय!' पण मैत्रिणींनो, बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात एकदा नजर फिरवा. कुणी मटार सोलतंय, कुणी स्तोत्र पुटपुटतंय, कुणी डुलकी काढतंय आणि उरलेल्यांपैकी कितीतरी जणी मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवतायत. म्हणजे गेम आपणही खेळतो. फक्त त्याला आपण 'गेम' म्हणत नाही, 'टाइमपास' म्हणतो.

मीही त्यातलीच. अंबरनाथ ते भायखळा अशी सव्वीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीला मुलासाठी जत्रेतून आणलेला ब्रिक गेम त्याच्याआधी मीच खेळून संपवायची. वरून पडणाऱ्या विटा खाली नीट बसवायच्या, ओळ पूर्ण झाली की ती गायब. पुढे कळलं, की त्याचं मूळ नाव 'टेट्रिस' आणि तो १९८४मध्ये मॉस्कोतल्या अलेक्सी पाजितनोव्ह यांनी तयार केला. मग नोकियाच्या मोबाइलवरचा साप आला. २०१२मध्ये कँडी क्रश आला आणि दोन-तीन वर्षांत आमच्या डब्यात पोहोचला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तर अख्खं खानदान लुडो किंगवर. तो नवी मुंबईतल्या एका कंपनीने बनवलाय, हे ऐकून आम्हाला कोण अभिमान! या सगळ्या खेळांत माझा हात चांगला बसलेला. कँडी क्रशच्या हजाराव्या पातळीच्या पुढे मी केव्हाच गेले होते.

आणि मग भाचीने मला 'राजी' दिला.

माझी धाकटी बहीण बदलापूरला राहते, माझ्यापासून एक स्टेशन पुढे. तिची मुलगी यंदा बारावी झाली. चित्रकलेत लहानपणापासून हुशार. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्हीत 'ए' ग्रेड. आर्किटेक्चरला जाईल, नाहीतर चित्रकलेची शिक्षिका तरी होईल, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण एके दिवशी तिने जाहीर केलं, ''मी गेम बनवणार. गेममधली चित्रं करणार.'' मेहुण्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. बहिणीचा मला रात्री साडेदहाला फोन. ''ताई, तूच समजाव गं तिला. तुझं ऐकते ती.''

मी भाचीला बोलावून घेतलं. ती आली, मी केलेलं थालीपीठ खाल्लं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, ''मावशी, तू एक गेम खेळ. पूर्ण नको. त्यातल्या राजीला धनुष्य मिळेपर्यंत खेळ. मग तू सांगशील ते मी ऐकून घेईन.''

सौदा मला सोपा वाटला. मुलाचा जुना, गेम खेळायचा लॅपटॉप घरात पडूनच होता. भाचीने त्यावर गेम घालून दिला आणि ती बदलापूरला निघून गेली.

हा गेम आपल्या पुण्यातला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स नावाच्या छोट्या कंपनीने तो बनवला. कंपनीच्या संस्थापकांमध्ये श्रुती घोष ही एक चित्रकार स्त्रीही आहे. २०१७मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली होती, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडलं नाही आणि २०२०मध्ये गेम जगभर आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या मोठ्या पुरस्कारांत पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. २०२२च्या सुधारित आवृत्तीत पात्रं हिंदीत बोलतात. गोष्ट अशी : राजी ही खेळ करून दाखवणारी डोंबाऱ्याच्या पोरीसारखी मुलगी. रक्षाबंधनाच्या दिवशी राक्षस येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. भावाला शोधायला ती निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिच्याबद्दल आपापसात बोलत असतात.

भाऊ हरवलेली बहीण, दुर्गेचा त्रिशूळ, हिंदी संवाद... यात न कळण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण गोष्ट कळणं वेगळं आणि खेळता येणं वेगळं.

पहिल्या संध्याकाळी राजी एका कठड्यावरून पलीकडच्या कठड्यावर जाईना. डाव्या हाताने तिला चालवायचं. उजव्या हाताने उडी, वार, जोराचा वार आणि वार चुकवण्यासाठी लोळण. प्रत्येकाचं बटण वेगळं. उडी मारायला गेले की त्रिशूळ फिरायचा. त्रिशूळ फिरवायला गेले की बाईसाहेब जमिनीवर लोळण घ्यायच्या. समोर राक्षस, मागे दरी आणि मी चष्मा वर करून कीबोर्डवर बटण शोधतेय! राजी पडायची आणि गेम तिला पुन्हा थोडं मागे नेऊन उभी करायचा. पुन्हा पडायची. पाऊण तास मी त्या एका कठड्यापाशी काढला.

कँडी क्रशमध्ये हरलं तरी मनाला लागत नाही. गोळ्या फुटल्या नाहीत, एवढंच. इथे एक मुलगी पडत होती आणि ती माझ्या बोटांमुळे पडत होती. खोलीत कुणी नसतानाही मला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. ''नाही आवडला बाई मला तुझा गेम.''

पलीकडून आवाज आला, ''मावशी, आवडला नाही की आला नाही?''

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करत होते. किती गोष्टींच्या बाबतीत आपण ही दोन वाक्यं एकमेकींच्या जागी वापरतो! 'मला पोहायला आवडत नाही.' 'मला नाही आवडत गाडी चालवायला.' 'बँकेचं ते ऑनलाइन मला आवडतच नाही.' यातल्या किती गोष्टी आपल्याला खरंच नावडत्या असतात आणि किती कधी नीट हातातच आलेल्या नसतात?

माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, उल्हासनगरला व्हिडिओ गेमची पार्लरं होती. उल्हासनगर म्हणजे आमचा हक्काचा बाजार. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत वसवलं, १९४९मध्ये त्या वसाहतीला 'उल्हासनगर' नाव मिळालं. पण आजही सगळे कॅम्प नंबरनेच पत्ता सांगतात. तिथे न मिळणारी वस्तू नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद तुम्ही ऐकला असेलच. आईबरोबर कापड घ्यायला गेलो, की भाऊ रुपयाचं नाणं घेऊन पार्लरच्या पडद्याआड गायब व्हायचा. मी पिशव्या सांभाळत बाहेर उभी. आतून धडाधड आवाज यायचे. मुलींनी आत जायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. पण मुली जात नसत. पुढे माझ्या मुलासाठी टीव्हीला जोडायचा डबा आला, त्यात मारिओ होता. तेव्हाही माझं काम एकच, ठरलेल्या वेळी तो बंद करणं. उड्या मारण्याचं जे शिक्षण भावाने आणि मुलाने वयाच्या दहाव्या वर्षी घेतलं, ते मी चोपन्नाव्या वर्षी सुरू केलं होतं. मग पाऊण तास लागला तर काय मोठंसं?

त्याच उल्हासनगरच्या बाजारात मी या वेळी एकटी गेले. भाची म्हणाली होती, कीबोर्ड सोड, कंट्रोलर घे. दोन्ही हातांत धरायचा, आपल्या भाषेत 'रिमोट'. दुकानदार काकांनी विचारलं, ''बेटे के लिए चाहिए, भाभी?'' म्हटलं, ''नहीं, मेरे लिए.'' त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हातातला मोठा कंट्रोलर ठेवून दिला आणि मागून लहान काढला. ''ये लो. आपका हाथ छोटा है, अंगूठा बराबर पहुँचेगा.'' एवढंच. हसले नाहीत, की नवल केलं नाही. मला त्यांचं फार बरं वाटलं.

कंट्रोलर हातात आल्यावर मला आठवला तो माझा टायपिंगचा क्लास. दहावीनंतरच्या सुट्टीत आम्हा सगळ्या मैत्रिणींना घातलं होतं. सर पाठीमागे उभे राहायचे आणि बोटांकडे मान वळली की टेबलावर पट्टी आपटायची. डोळे कागदावर, बोटं आपापल्या घरात. आणि त्याच्याही आधी सागरगोटे! वर उडालेल्या गोट्यावर नजर आणि खाली हात आपोआप बाकीचे गोळा करतोय. हे कौशल्य तर माझ्याकडे होतंच की! मग मी राजीची मोहीम दोन दिवस बाजूला ठेवली. राक्षस नसलेल्या एका मोकळ्या जागेत तिला उभं केलं आणि टायपिंगचे धडे गिरवावेत तसं सुरू केलं. उडी, उडी, लोळण. उडी, वार, लोळण. खाली बघायचं नाही. भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ''मावशी, मोठे मोठे प्लेयर हेच करतात!''

बोटं बसायला लागली तशी दुसरी अडचण पुढे आली आणि ती बोटांची नव्हती.

कँडी क्रश एका अंगठ्याने खेळता येतो. एका हाताने लोकलची कडी धरायची, दुसऱ्या हातात मोबाइल. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये एक डाव होतो. दार वाजलं, मोबाइल ओट्यावर ठेवला, दूधवाल्याला पैसे दिले, परत आलं, गोळ्या तिथेच आपली वाट बघत असतात. तो गेम आपल्या आयुष्याच्या मापाचा आहे. राजीला दोन्ही हात लागतात आणि सलग अर्धा तास लागतो. आता तुम्हीच आठवून बघा, शेवटचं कधी तुमचे दोन्ही हात एकाच वेळी, अर्धा तास, कुणाच्याही कामाचे नव्हते?

मी नोकरी सोडून दोन वर्षं झाली, मुलगा बंगळूरला, घरात आम्ही दोघंच. म्हणजे वेळ असायला हवा ना? पण राक्षस अर्ध्यावर आला, की यांची हाक, ''अगं, माझा चष्मा पाहिलास का?'' गॅसचा सिलिंडर, शेजारच्या वहिनींचं विरजण, इस्त्रीवाला. गेम थांबवायचं बटण आहे, नाही असं नाही. पण चालू लढाईतून उठून विरजण देऊन परत बसलं, की बोटं थंड झालेली असतात आणि राजी पुन्हा खाली. घरात कुणी मला अडवत नव्हतं. माझे हात मोकळे दिसले, की त्यांना काम आहे असं कुणालाच वाटत नव्हतं, एवढंच.

शेवटी मी यांना सांगितलं, ''चार ते साडेचार मी घरी नाही, असं समजा.'' हे म्हणाले, ''पण तू तर इथेच बसलेली असतेस.'' म्हटलं, ''इथे बसून मी राजस्थानातल्यासारख्या एका किल्ल्यात असते.'' चार दिवस जड गेलं. पाचव्या दिवशी सिलिंडरवाल्याला यांनीच दार उघडलं. गेमने मला आणखी काही दिलं नसतं, तरी एवढं पुष्कळ होतं!

आता त्या अर्ध्या तासात मला मजा यायला लागली का? लगेच नाही. हात चालायला लागल्यावरही मी कँडी क्रशच्याच सवयीने धावत होते. पुढे, पुढे, पातळी संपवा, गुण मोजा. आणि गुण तर इथे दिसतच नाहीत! भाची एका रविवारी शेजारी बसून माझा खेळ बघत होती. न राहवून म्हणाली, ''मावशी, थांब ना जरा. भिंत बघ.'' किल्ल्याच्या भिंतींवर चित्रं आहेत, महिषासुराची, दुर्गेची. त्यांच्यापाशी राजी उभी राहिली, की त्या चित्रातली गोष्ट ऐकू येते. मी अशा कितीतरी भिंतींवरून पळत गेले होते. आणखी एक गंमत म्हणजे चित्रांची कोडी. गोल चकत्यांवर चित्राचे तुकडे असतात, त्या फिरवून अखंड चित्र जुळवायचं. तिथे मात्र माझी जुनी विद्या कामाला आली. भाचीला जिथे वेळ लागला होता, तिथे मी भराभर जुळवलं. ''हे कसं केलंस?'' म्हणाली. म्हटलं, ''हजार पातळ्या उगाच नाही केल्या.''

कीर्तनाला जाऊन लावणीची वाट बघत बसलं, तर कीर्तनही हातचं जातं. प्रत्येक प्रकारच्या खेळाची गंमत वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते. जुळवाजुळवीच्या खेळात ती ओळ पूर्ण होण्यात असते. अशा साहसाच्या खेळात ती वाटेत असते. थांबण्यात, बघण्यात, आणि दहा वेळा पडून अकराव्या वेळी पलीकडे पोहोचण्यात.

पुढच्या सोमवारी मी आमच्या शिवमंदिरात गेले. अंबरनाथचं हे मंदिर तिथल्या शिलालेखाप्रमाणे शके ९८२चं, म्हणजे इ.स. १०६०चं. शिलाहार राजांच्या काळातलं. गाभारा पायऱ्या उतरून खाली. लग्न होऊन आल्यापासून मी तिथे जातेय, महाशिवरात्रीच्या रांगेत तर चार-चार तास उभी राहिलेय. पण जायचं, बेल वाहायचा, नमस्कार करून निघायचं. त्या दिवशी मी बाहेरच्या भिंतीच्या कडेकडेने सावकाश फिरले. एकेका मूर्तीपाशी थांबले. काही झिजल्यात, काही अजून ठसठशीत आहेत. त्या भिंती कोरणाऱ्यांनाही कुणीतरी विचारलं असेल का, की बाबा रे, हे काम करून तुझं पोट कसं भरणार?

धनुष्य मला अठराव्या दिवशी मिळालं. गुरुवारी, सव्वाचार वाजता. पहिला बाण सोडला आणि दूर उभा राक्षस हलला, तेव्हा मी एवढ्याने ओरडले की हे आतून धावत आले. मारामारी मला अजूनही फारशी भावत नाही, लांबली की मनगटं दुखतात. पण आता 'आवडत नाही' असं मी म्हणते, तेव्हा ते खरोखर आवडीबद्दलच असतं.

बहिणीकडे मी गेले, ती हे सगळं घेऊन. तिची भीती खोटी नाही. गेम म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे रात्रभर जागणारी मुलं येतात, पैसे लावून कंगाल झालेली माणसं येतात. तिला सांगितलं, की पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही गोष्टच वेगळी. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला. तिची मुलगी जे करू म्हणते, ते भिंतीवरचं चित्र आहे, किल्ल्याचा दगड आहे, राजीच्या ओढणीचा रंग आहे. कुणीतरी बसून, हाताने, विचार करून काढलेला. त्यात पगार किती, काम कायमचं असतं का, चांगलं शिक्षण कुठे मिळतं, हे प्रश्न आहेतच आणि ते विचारायलाच हवेत. तिच्या पुण्यातल्या त्या कंपनीलासुद्धा सुरुवातीला पैसे जमले नव्हते, हेही मी लपवलं नाही. बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ''ताई, मला दाखवशील तो गेम?''

भाचीचा निर्णय अजून झालेला नाही. मेहुणे दोन संस्था प्रत्यक्ष बघून यायला तयार झालेत, एवढंच सध्या. पण घरातलं बोलणं 'गेम म्हणजे काय ते' यावरून 'फी किती आणि शिकवतं कोण' यावर आलं, हे काही कमी नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात कुणी मुलगा-मुलगी डोळे लावून काही खेळत असेल. रागवायचं असेल तर जरूर रागवा, पण त्याआधी एकदा तो गेम त्यांच्याकडून शिकून घ्या. त्यांना शिक्षक व्हायला फार आवडतं, हे मी अनुभवाने सांगते. पहिले तीन दिवस काही जमणार नाही. ते दिवस मोजूच नका. कुठलं बटण कशाचं, ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. राक्षस नसतील अशा जागी आधी सराव करा. धावू नका, आजूबाजूला बघा. आठवडाभराने 'आवडलं नाही' म्हणावंसं वाटलं, तर खुशाल म्हणा.

आणि घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, अर्धा तास दाराची बेल वाजली तर ती त्यांच्यासाठी आहे.